निसर्गोपचार डॉक्टरांची नोंदणी आणि नंतरचं शिक्षण : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की हे प्रश्न सुरू होतात. मे महिन्यात शिबिरांचे फलक लागले की आणखी वाढतात. काही प्रश्न जुळे सोलापुरातल्या पालकांचे असतात, काही अक्कलकोट-मंगळवेढ्याकडच्या मुलामुलींचे, काही आधीच केंद्र थाटून बसलेल्यांचे, आणि अधूनमधून एखादा टोरंटोहून किंवा दुबईहून येतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात सहसा पुन्हा लिहिलेली नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कायद्याचा भाग सर्वसाधारण माहितीचा आहे. तुमच्यावर नोटीस आली असेल तर हे पान वाचत बसू नका, वकील गाठा.

१. निसर्गोपचारतज्ज्ञ, नॅचरोपॅथ, बीएनवायएस डॉक्टर हे सगळे एकच का?

नाही. बीएनवायएस ही विद्यापीठाची पदवी आहे: बॅचलर ऑफ नॅचरोपॅथी अँड योगिक सायन्सेस. साडेचार वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप, एकूण साडेपाच वर्षं. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र हे विषय त्यात असतातच, शिवाय जलचिकित्सा, आहार, उपवास, मालिश आणि योग असतो. ‘निसर्गोपचारतज्ज्ञ’ ही पदवी नाही, ते एक वर्णन आहे. साडेपाच वर्षं शिकलेली व्यक्तीही ते पाटीवर लावते आणि आठवड्याचं शिबिर करून आलेलीही लावते. पुढच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

२. माझ्याकडे प्रमाणपत्र आहे. मग नोंदणी वेगळी कशाला?

ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला आणि आरटीओचं लायसन्स यांत जो फरक, तोच इथे. प्रमाणपत्र शिकवणारी संस्था देते. नोंदणी कायद्याने स्थापन झालेली परिषद करते. तुमचं नाव तिच्या नोंदवहीत चढतं, क्रमांक मिळतो, आणि गैरवर्तन झालं तर तीच परिषद नाव काढूनही टाकू शकते. हा काढून टाकण्याचा अधिकार महत्त्वाचा. ज्या ‘नोंदणी’तून कोणी तुम्हाला काढूच शकत नाही, तिला सभासदत्व म्हणतात. संघटनांचं सभासदत्व चांगलंच आहे, पण त्याच्या ओळखपत्रावर ‘रजिस्ट्रेशन नंबर’ छापला म्हणून ते परिषदेचं होत नाही.

३. दिल्लीत निसर्गोपचाराची केंद्रीय परिषद असेलच ना?

आयुष मंत्रालयाच्या नावातला ‘वाय’ योगाचा आहे आणि मंत्रालय योग-निसर्गोपचाराचं कामही पाहतं. म्हणून हा समज पक्का बसलेला असतो. पण नोंदणीचा कायदा वेगळा आहे. नॅशनल कमिशन फॉर इंडियन सिस्टिम ऑफ मेडिसिन ॲक्ट, २०२० हा २०२१ मध्ये अमलात आला आणि त्याने १९७०चा जुना कायदा बाजूला केला. त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा (तिबेटी परंपरेची) या चार पद्धती आहेत. होमिओपॅथीसाठी स्वतंत्र आयोग आहे. निसर्गोपचार या दोन्हींत नाही.

‘सेंट्रल कौन्सिल फॉर रिसर्च इन योगा अँड नॅचरोपॅथी’ ही १९७८ पासूनची संस्था आहे खरी, पण नावातलं ‘कौन्सिल’ वाचून गोंधळू नका. तिचं काम संशोधनाचं आहे, डॉक्टरांची नोंदणी ती करत नाही. पुण्यात ताडीवाला रस्त्यावरच्या बापू भवनातली राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था हीसुद्धा नोंदणी परिषद नव्हे. ती १९८६ मध्ये सुरू झाली. डॉ. दिनशा मेहता यांच्या ज्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी राहत, ती हीच जागा.

४. मग महाराष्ट्रात काय परिस्थिती आहे?

आयुर्वेद, युनानी आणि सिद्ध यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट, १९६१ खाली महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे होते. ॲलोपॅथीची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, होमिओपॅथीची तिच्या स्वतंत्र परिषदेकडे. ॲक्युपंक्चरसाठीही राज्याने वेगळा कायदा केला. निसर्गोपचाराच्या नावाची अशी परिषद राज्यात नाही.

गंमत म्हणजे निसर्गोपचाराचा इतिहास सांगायचा तर तो महाराष्ट्र वगळून सांगताच येत नाही. पुण्याची गाडी पकडली की वाटेत उरुळी कांचन लागतं. १९४६ मध्ये गांधीजींनी तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि मणिभाई देसाईंनी पुढे तो चालवला. देशातला निसर्गोपचार दिन १८ नोव्हेंबरला असतो, कारण १९४५ साली त्या तारखेला गांधीजींनी निसर्गोपचार न्यासाच्या दस्तावर सही केली. एवढं सगळं असून नोंदवहीसाठी आपल्या मुलांना शेजारच्या राज्याकडे बघावं लागतं.

तुमच्या पदवीबाबत तोंडी उत्तरावर विसंबू नका. आयुष संचालनालय आणि संबंधित परिषद, दोघांकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘माझी पदवी अमुक विद्यापीठाची, अमुक वर्षाची, महाराष्ट्रात तिची नोंद कोणत्या कायद्याखाली होते?’ एवढं एकच वाक्य विचारा. पाच प्रश्न एकत्र विचारले की पाचही उत्तरं गुळमुळीत येतात.

५. कर्नाटकात खरंच नोंदणी होते?

होते. तिथल्या १९६१च्या कायद्याच्या लांबलचक नावातच आयुर्वेद, निसर्गोपचार, सिद्ध, युनानी आणि योग असे पाच शब्द आहेत. त्याखालचं मंडळ बेंगळुरूला आहे आणि बीएनवायएस झालेले तिथे नाव नोंदवतात. तमिळनाडूतही राज्याच्या मंडळाकडे अशी नोंद होते. हे अधिकार राज्याच्या कायद्यातून आले आहेत, त्यामुळे त्यांचा जोर त्या त्या राज्यातच. पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो.

६. माझी कर्नाटकची नोंदणी आहे. विजापूर रोडला दवाखाना टाकला तर चालेल का?

कर्नाटकातलं गाव सोलापूरहून तासाभरावर असलं तरी कायदा हद्दीवर थांबतो. कर्नाटकच्या नोंदणीमुळे तुमची पदवी खरी आहे आणि एका वैधानिक मंडळाने ती तपासली आहे, एवढं सिद्ध होतं. हे कमी नाही. पण महाराष्ट्राच्या नोंदवहीत तुमचं नाव आहे असा त्याचा अर्थ होत नाही. इथल्या १९६१च्या कायद्याचं कलम ३३ नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करण्याबद्दल आहे आणि त्यात कैद व दंड दोन्ही आहेत. तुम्ही नेमकं काय करणार आहात याची यादी (तपासणी, आहार, वाफ, माती, मालिश, योग) वकिलापुढे ठेवा आणि प्रश्न ४ मधलं लेखी उत्तर सोबत न्या. पाटीवर आणि केसपेपरवर कर्नाटकचा क्रमांक लिहायचा असेल तर मंडळाचं पूर्ण नाव लिहा. नुसतं ‘रजि. नं.’ लिहून बाकीचं वाचणाऱ्याच्या कल्पनेवर सोडणं हीच पुढच्या भांडणाची सुरुवात असते.

७. बारावी सायन्स झालं. सोलापूरहून बीएनवायएसला कुठे जायचं?

जवळचा पर्याय कर्नाटक. तिथली महाविद्यालयं राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. धर्मस्थळाजवळ उजिरे इथलं महाविद्यालय १९८९ पासूनचं, जुन्यांपैकी एक. प्रवेश कर्नाटकच्या सीईटीतून होतात, बाहेरच्या राज्यांतल्यांसाठीच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात.

आपल्याकडच्या बऱ्याच घरांना माहीत नसलेली एक गोष्ट त्याच पुस्तिकेत आहे. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत आणि गडहिंग्लज या तालुक्यांतले, मातृभाषा कन्नड असलेले विद्यार्थी ‘गडिनाडू कन्नडिग’ म्हणून पात्र ठरू शकतात. त्यासाठी त्या भागातल्या शाळेत ठरावीक वर्षं शिकल्याचे दाखले लागतात आणि कन्नडची एक साधी परीक्षा द्यावी लागते. घरात कन्नड बोलता, पण शाळा मराठी माध्यमाची होती? मग पोराला अक्षरं गिरवायला आधीच बसवा. अक्कलकोट भागातली किती मुलं केवळ माहिती नसल्याने या रांगेत उभीच राहत नाहीत, याचं वाईट वाटतं.

पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांना हैदराबाद सोयीचं वाटतं. तिथलं सरकारी गांधी निसर्गोपचार वैद्यकीय महाविद्यालय १९७०चं आहे. चेन्नईलाही सरकारी महाविद्यालय आहे. महाराष्ट्रात कोणी ‘आमच्याकडे बीएनवायएस’ म्हणत असेल तर पदवी कोणतं विद्यापीठ देणार हे विचारा आणि त्या विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीत नाव शोधा. फी त्यानंतर भरा.

८. घरबसल्या तीन वर्षांत ‘डॉक्टर ऑफ नॅचरोपॅथी’ मिळते म्हणतात. घ्यावी का?

आरोग्याची आवड म्हणून शिकायचं असेल तर जरूर शिका. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६च्या कायद्यातलं कलम २२ स्पष्ट आहे: पदवी फक्त विद्यापीठ किंवा कायद्याने तसा अधिकार मिळालेली संस्था देऊ शकते. न्यास, समिती, अकादमी पदविका देतील, प्रमाणपत्र देतील, पदवी नाही. इंग्रजी आद्याक्षरं ‘एनडी’ असली की ती कॅनडातल्या एनडीसारखी वाटतात. तिथे ती चार वर्षांच्या पूर्णवेळ महाविद्यालयीन शिक्षणानंतर मिळतात (प्रश्न १७). पोस्टाने आलेल्या पदविकेवर कर्नाटकातही बीएनवायएससारखी नोंद मिळेल या आशेवर पैसे घालू नका.

९. पुण्याच्या संस्थेचा एक वर्षाचा कोर्स केला आहे. पाटी लावू का?

राष्ट्रीय निसर्गोपचार संस्थेचा हा एक वर्षाचा कोर्स ट्रीटमेंट अटेंडंटसाठी, म्हणजे उपचार-सहायकासाठी आहे. मालिश, पट्ट्या, टब, वाफ हे हाताने नीट देणारी माणसं प्रत्येक केंद्राला लागतात आणि चांगली मिळत नाहीत, त्यामुळे या कोर्सला किंमत आहे. निदान करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

१०. योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा पास झाले. रुग्ण तपासू शकते का?

ते प्रमाणपत्र योग शिकवण्याच्या पातळीचं आहे, थेरपीच्या पातळ्याही त्यात आहेत. वर्ग घ्या, शाळांत जा, केंद्रात नोकरी करा. त्याने डॉक्टर होता येत नाही.

११. शॉप ॲक्ट काढलं, उद्यम नोंदणी झाली. आता केंद्र कायदेशीर झालं ना?

दुकान म्हणून झालं. गुमास्ता परवाना जागेबद्दल आणि कामगारांबद्दल बोलतो. २०१७च्या कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असतील तर नुसती सूचना पुरते. उद्यम क्रमांक बँकेच्या कामाचा. दोन्ही कागद चौकटीत घालून टेबलामागे टांगलेले अनेक ठिकाणी दिसतात आणि पेशंट ते पदवीसारखे वाचतात. ते तिथून काढून हिशेबाच्या खोलीत लावा.

१२. लोकांना आठ-दहा दिवस मुक्कामी ठेवून उपचार करायचे आहेत. आणखी काय लागतं?

आजारी माणसाला खाटेवर ठेवून उपचार करू लागलात की महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, १९४९ चा प्रश्न येतो. शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, बाहेर जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे इतर राज्यांतल्या मित्राने दिलेली यादी इथे जशीच्या तशी लागू होत नाही. २०१६चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आयुष रुग्णालयांनाही लागू आहेत. एनएबीएच या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेचं मानांकन घ्यायचं असेल तर योग-निसर्गोपचारासाठी त्यांचे निकष आहेत, पण ते संस्थेचं मानांकन. तिथल्या डॉक्टरची नोंदणी त्यातून भागत नाही.

१३. मी बीएएमएस आहे. निसर्गोपचारही करते. मला वेगळी नोंदणी लागेल का?

तुमचं नाव महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनच्या नोंदवहीत आहे, त्यामुळे तुम्ही परिषदेच्या शिस्तीखाली आहात. आहार, लंघन, स्वेदन यांची पाळंमुळं आयुर्वेदातही आहेत. अडचण पाटीवर येते. ‘बीएएमएस, एनडी’ असं लिहिताना दुसरी अक्षरं कुठून आली, हे विचारलं तर सांगता आलं पाहिजे (प्रश्न ८).

१४. अशक्तपणा असेल तर सलाइन, ताप असेल तर गोळी, एवढं तरी चालत असेल?

नाही. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या खटल्यात हे निःसंदिग्धपणे सांगितलं. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधं दिली होती. ज्या पद्धतीचं ज्ञान नाही तिच्यात उपचार करणं हाच निष्काळजीपणा, वेगळा पुरावा लागत नाही, असं कोर्ट म्हणालं. त्या डॉक्टरांकडे निदान त्यांच्या पद्धतीची नोंदणी तरी होती. निसर्गोपचार केंद्रात टांगलेली सलाइनची बाटली ‘बोगस डॉक्टर’ मोहिमेतला पहिला फोटो ठरते, आणि खरं सांगायचं तर ठरायलाच हवी.

१५. एकदा पदवी मिळाली की पुन्हा शिकण्याची सक्ती भारतात आहे का?

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी सीएमईचे (पदवीनंतर चालू ठेवायच्या वैद्यकीय शिक्षणाचे) ३० क्रेडिट तास लागतात. निसर्गोपचाराला केंद्रीय कायदाच नसल्याने (प्रश्न ३) देशभर लागू होईल अशी सक्ती नाही. ज्या राज्यात नोंदणी आहे तिथल्या मंडळाचे नूतनीकरणाचे नियम मात्र पाळावेच लागतात. कर्नाटकात नोंदणी करून सोलापूरला परतलेल्यांचा घोळ इथे होतो. पत्ता बदललेला कळवत नाहीत, मंडळाची पत्रं हॉस्टेलच्या पत्त्यावर जात राहतात.

१६. सक्ती नसेल तर ज्ञान ताजं ठेवायचं कसं, आणि ते दाखवायचं कसं?

या पानावरचा माझ्या मते सगळ्यांत कामाचा प्रश्न हाच, आणि तो फार कमी लोक विचारतात.

कुठलीही परिषद मागत नसली तरी एक वही ठेवा. तारीख, विषय, कोणी शिकवलं, किती तास, आणि शेवटी एक ओळ: यामुळे माझ्या कामात काय बदललं. ती शेवटची ओळ रिकामी राहत असेल तर ते व्याख्यान चहा-नाश्त्यासाठीच होतं. पुण्याची राष्ट्रीय संस्था आणि केंद्रीय संशोधन परिषद यांच्या कार्यशाळा होतात, आयुष मंत्रालयाचीही सीएमईची योजना आहे. प्रमाणपत्रं मूळ प्रतीत जपा. परदेशी जायचं ठरलं तर तीच मागतात.

विषय कोणते? फॅशनच्या मागे जाऊ नका, आपल्याकडे येणाऱ्या रुग्णाकडे बघा. सोलापुरात तो बहुधा साखरेचा किंवा रक्तदाबाचा असतो आणि खिशात गोळ्यांची पट्टी घेऊन येतो. मग पहिला विषय औषधांचा. तुम्ही ती लिहून देणार नाही, पण ती ओळखता आलीच पाहिजेत. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्शुलिन चालू असलेल्या माणसाला रसाहारावर ठेवलं आणि डोस तसाच राहिला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बरळणं ही लक्षणं ‘विषद्रव्यं बाहेर पडताहेत’ म्हणून समजावून सांगणारे अजूनही आहेत. याला अज्ञान म्हणायचं, निसर्गोपचार म्हणायचं नाही. उपवास सुरू करण्याआधी गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलणं आणि ते केसपेपरवर नोंदवणं हे कौशल्य आहे, आणि ते शिकावं लागतं. ‘गोळ्या बंद करा’ हे वाक्य मात्र कधीही तुमच्या तोंडून जाऊ नये.

दुसरा विषय ऊन. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेणारा साठीतला माणूस दुपारी रिक्षाने येतो आणि त्याला आपण वाफेच्या पेटीत बसवतो. पाठ्यपुस्तकात दिलेली मिनिटं इथे मे महिन्यात वापरायची नसतात. आधी रक्तदाब, पाणी, सकाळची वेळ, उठताना हाताला धरून.

तिसरा विषय ‘सिव्हिल’ला कधी पाठवायचं. छातीत कळ, तोंड वाकडं होणं, अचानक बोलणं अडखळणं, काळी शी, गर्भारपणात रक्तस्राव. यातलं काहीही दिसलं की मातीची पट्टी खाली ठेवायची आणि १०८ला फोन करायचा. सीपीआरचं (हृदय थांबलं तर छाती दाबून करायच्या प्रथमोपचाराचं) प्रात्यक्षिक दरवर्षी पुन्हा करा, सहायकांनाही सोबत घ्या. प्रसंग त्यांच्यासमोरच आधी घडतो.

१७. बीएनवायएस करून कॅनडाला जायचं आहे. तिथे एनडी म्हणून काम करता येईल का?

थेट नाही. कॅनडात हा व्यवसाय प्रांतांच्या अखत्यारीत आहे. ब्रिटिश कोलंबिया, आल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा आणि ऑन्टारिओ इथे कायद्याने नियमन होतं. उत्तर अमेरिकेतल्या महाविद्यालयांना कौन्सिल ऑन नॅचरोपॅथिक मेडिकल एज्युकेशन मान्यता देते, आणि एनप्लेक्स ही परीक्षा त्या मान्यताप्राप्त महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी असते. भारतातला एकही बीएनवायएस अभ्यासक्रम त्या यादीत नाही.

ऑन्टारिओत १ जुलै २०१५ पासून कॉलेज ऑफ नॅचरोपॅथ्स ऑफ ऑन्टारिओ ही नियामक संस्था आहे. नावात ‘कॉलेज’ आहे म्हणून तिथे प्रवेश मागायला जाऊ नका, तसे ईमेल जातात. तिच्या परीक्षा स्वतःच्या आहेत, आणि बाहेरच्या देशांत शिकलेल्यांसाठी पूर्वशिक्षणाचं मूल्यमापन करून घेण्याची वाट आहे. ती वेळखाऊ आणि खर्चिक आहे, पण आहे. नोंदणी होईपर्यंत तिथे ‘नॅचरोपॅथिक डॉक्टर’ हे बिरुद लावणं बेकायदा. सोलापूरहून पर्यटक व्हिसावर गेलेल्या कोणी नातेवाइकांच्या ओळखीने ‘कन्सल्टेशन’ घेतलं तर तेही त्यातच येतं.

१८. तिथे नोंदणी झाल्यावर किती शिकावं लागतं?

ऑन्टारिओत तीन वर्षांच्या चक्रात ७० क्रेडिट, आणि नुसतं शिकून भागत नाही: तीन वर्षांत ७५० तास प्रत्यक्ष काम केल्याचं दाखवावं लागतं. शिवाय दरवर्षी स्वमूल्यमापन, आणि पाळी आली की समव्यावसायिक येऊन तुमचे केसपेपर तपासतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा कायदा २००३चा, तिथे दोन वर्षांना ६० तास, त्यांतले किमान २० औषधोपचारशास्त्राचे. तिथल्या एनडींना काही औषधं लिहिता येतात म्हणून ही अट. आपल्याकडे औषधं लिहिता येत नाहीत, तरी ती ओळखण्याची गरज तेवढीच (प्रश्न १६).

१९. मूल झालं, तीन वर्षं काम बंद होतं. परदेशात याने अडतं का?

अडू शकतं. ७५० तासांची अट अशाच वेळी आडवी येते. सुट्टी घेण्याआधी नोंदणीचा वर्ग बदलून घेण्याची सोय असते, ती न वापरता गप्प बसलं की परत येताना अभ्यासक्रम किंवा परीक्षा मागितली जाते. सासू-सासऱ्यांच्या आजारपणासाठी वर्षभर सोलापूरला येणाऱ्यांनीही हे आधी लिहून कळवावं.

२०. जर्मनी, ऑस्ट्रेलिया, दुबई?

जर्मनीत हाइलप्राक्टिकर (डॉक्टर नसलेला परवानाधारक उपचारक) म्हणून १९३९ च्या कायद्याखाली परवाना मिळतो. ठरावीक पदवी लागत नाही, आरोग्य कार्यालयाची परीक्षा द्यावी लागते, आणि त्यासाठी भाषा चांगली यावी लागते. ऑस्ट्रेलियात निसर्गोपचार राष्ट्रीय नोंदणी योजनेत नाही. दुबईत कागद मूळ संस्थेकडून पडताळले जातात.

आखातात किंवा कॅनडात ‘गुड स्टँडिंग’ दाखला मागतात: या व्यक्तीविरुद्ध कारवाई नाही, असं तिच्या परिषदेचं पत्र. ज्यांनी कुठल्याच वैधानिक मंडळात नाव नोंदवलेलं नाही, त्यांना ते देणार कोण? म्हणून कर्नाटकात शिकलात तर इंटर्नशिप संपताच तिथेच नोंदणी करून घ्या, इथे लगेच उपयोग नसला तरी.

२१. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात देता येते का? सगळेच देतात.

सगळे देतात हा बचाव होत नाही. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमिडीज कायद्याच्या यादीत मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा, अपस्मार, पक्षाघात असे आजार आहेत. ते बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणं गुन्हा आहे. काढा, पावडर किंवा ‘किट’ विकत असाल तर फलक आजच उतरवा. गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावणाऱ्यांनाही हे लागू आहे.

२२. मी पेशंट आहे. समोरचा माणूस खरा आहे हे कसं ओळखू?

तीन गोष्टी विचारा: पदवी कोणत्या विद्यापीठाची, नोंदणी कोणत्या मंडळाची, क्रमांक काय. खरा डॉक्टर चिडत नाही. क्रमांक मंडळाकडे पडताळून घ्या. आणि चालू गोळ्यांची यादी त्याने स्वतःहून मागितली का, ते बघा. माझ्या लेखी पदवीनंतरची ही सगळ्यांत मोठी खूण.

२३. नुकसान झालं तर तक्रार कुठे?

नोंदणी असेल तर त्या परिषदेकडे. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच ठरवलं आहे, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता खुला असतो. पदवीच खोटी वाटत असेल तर महापालिका किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि पोलीस. पावती आणि केसपेपर जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरचे आहाराचे तक्तेही पुरावा असतात, मोबाइल बदलताना पुसू नका.

२४. कागदांवर माझं नाव तीन तऱ्हांनी आहे. कोणतं चालेल?

हा प्रश्न क्षुल्लक वाटतो आणि सगळ्यांत जास्त फायली यानेच अडतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपल्या पद्धतीने आडनाव, नाव, वडिलांचं नाव. कर्नाटकच्या किंवा तमिळनाडूच्या पदवीवर आडनाव गळून नावापुढे-मागे नुसती आद्याक्षरं. पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांची स्पेलिंग भावाभावांत वेगळी. त्यात लग्नानंतर बदललेलं नाव. परदेशी पडताळणी करणारा माणूस अक्षर न् अक्षर जुळवतो. प्रवेश घेतानाच महाविद्यालयात अर्ज देऊन पदवीवरचं नाव दहावीप्रमाणे लावून घ्या. आधीच गोंधळ झाला असेल तर राजपत्रात नावबदल छापून घ्या आणि पासपोर्ट त्यानंतर काढा. नुसतं नोटरीचं प्रतिज्ञापत्र इथल्या बँकेत चालून जातं, बाहेरच्या परिषदेत बहुतेकदा परत येतं.